भात आत येऊ दे, मग अपग्रेड

भाच्या, गिरणीच्या हिशेबाचं टेबल आता तुझ्याकडे आलं. किल्ल्या दिल्या, पासवर्डची वही दिली, टॅली तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. राहिलं ते एवढंच: नवं विंडोज कधी घालायचं, कधी टाळायचं, रॅमवर पैसे कधी टाकायचे आणि ‘मशीन टाकून द्या’ म्हणणाऱ्या पोराला काय उत्तर द्यायचं. एमकेसीएलनं २००१ साली एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू केला. आपल्या घोटीतली निम्मी पोरं त्यातनं वर्ड-एक्सेल शिकली, चांगलीच शिकली. पण भाताची गाडी काट्यावर उभी असताना पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका’ असं आलं तर काय करावं, हे कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. ते गिरणीतच शिकावं लागतं. म्हणून सांगतो, नीट ऐक.

ऑक्टोबर आपला नव्हे

विंडोजच्या जन्मतारखा एका ओळीत मांडून बघ. एक्सपी आलं २५ ऑक्टोबर २००१ला. विंडोज ७ आलं २२ ऑक्टोबर २००९ला, ८ आलं २६ ऑक्टोबर २०१२ला, ८.१ आलं १७ ऑक्टोबर २०१३ला आणि ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ला. विंडोज १०ची मुदत संपली तीही १४ ऑक्टोबर २०२५ला, लक्ष्मीपूजनाच्या बरोबर आठवडाभर आधी. व्हिस्टा जानेवारीत आलं आणि विंडोज १० जुलैत, पण ते अपवाद. आता दरवर्षीची मोठी आवृत्तीही सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरातच सुटते. तिकडे अमेरिकेत नाताळच्या खरेदीआधी नवा माल दुकानात लागावा लागतो, त्यांच्या धंद्याला ते बरोबर आहे.

आपल्याकडे त्याच दिवसांत काय असतं? हळव्या भाताची सोंगणी सुरू होते, मागोमाग गरवं येतं. दिवाळीपासून गिरणीला उसंत नसते. इंद्रायणीच्या गाड्या लागतात, उचल दिलेली खाती उघडतात, हमालांचे हिशेब रोजच्या रोज होतात. त्या दिवसांत मशीन दोन तास बंद म्हणजे दोन तास सगळ्या गिरणीचा खोळंबा. म्हणून पहिला नियम असा, की सोंगणी सुरू झाल्यापासून होळीपर्यंत मोठ्या अपग्रेडला हात लावायचा नाही. फुकट असो, नातेवाइकानं आग्रह करून सांगितलेलं असो, पडद्यावर रोज आठवण येवो. कसाऱ्याच्या घाटात पाटी असते ना, ‘अति घाई संकटात नेई’, ती तिथल्या वळणांइतकीच इथंही लागू आहे.

मार्चअखेरीला खाती बंद करायची असतात, तेव्हाही नको. जूनपासून आपल्याकडचा पाऊस आणि त्याच्याबरोबर लाइटचा लपंडाव. म्हणजे गिरणीला खरी मोकळी खिडकी एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतची. एवढी वाट बघितली तर काही बिघडतं का? नाही. होम आणि प्रो आवृत्त्यांना सुटल्या दिवसापासून २४ महिने दुरुस्त्या मिळतात. ऑक्टोबरात आलेली आवृत्ती मेमध्ये घातली तरी जवळजवळ दीड वर्षाच्या दुरुस्त्या शिल्लक राहतात, आणि तोवर दुसऱ्यांच्या मशीनवर तिचे दोष निघून चाळणी झालेली असते.

मुदत संपली म्हणजे मशीन मेलं नाही

विंडोज १० बंद होणार म्हटल्यावर बाजारपेठेत कितीजण घाबरले ते तू बघितलंस. कुणाला वाटलं सकाळी कॉम्प्युटर उघडणारच नाही, कुणाला वाटलं डेटा जाईल. असं काही होत नसतं. मुदत संपते म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या फुकट यायच्या थांबतात, मशीन चालतच राहतं. शिवाय घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत एक वाढीव वर्ष दिलेलं आहे. त्यासाठी मशीन विंडोज १०च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असावं लागतं आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत यावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत.

पण या वाढीव वर्षाला कायमची सोय समजू नकोस. मुदत संपल्यावर मशीन एका दिवसात मरत नाही, हळूहळू एकटं पडत जातं. विंडोज ७चं बघ. त्याची मुदत १४ जानेवारी २०२०ला संपली आणि लोक खुशाल चालवत राहिले. मग २०२३च्या सुरुवातीला क्रोमची ११०वी आवृत्ती आली आणि क्रोमनं ७ आणि ८.१ची साथ सोडली. त्यांच्यावर १०९वरच ब्राउझर अडकला. तिथून पुढं एकेक संकेतस्थळ कुरकुरायला लागतं, आज बँकेचं, उद्या सरकारी. टॅलीप्राइम तर ६४-बिट विंडोजच मागतं. तेव्हा विंडोजची मुदत संपली की त्या वर्षी घाबरायचं नाही, पण पुढच्या मोकळ्या खिडकीत बदल करायचाच, हे मनात धरून ठेव.

खळं वेगळं, कणगी वेगळी

‘मेमरी फुल झाली’ असं म्हणत जो येतो त्याला आधी विचार, कुठली? मोबाइलमुळे लोकांना फोटो साठवायची जागा म्हणजेच मेमरी वाटायला लागलीय. हार्डडिस्क ही कणगी आहे, भात वर्षभर तिथं राहतं. रॅम हे खळं, आज झोडायचं तेवढंच तिथं पसरता येतं. कणगी कितीही मोठी असली तरी खळं लहान असेल तर झोडणी रेंगाळणारच. रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल उचलून डिस्कवर ठेवतं, लागला की परत आणतं. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर या नेआणीतच जीव जातो. माऊस हलतो पण खिडकी उघडत नाही, ते यामुळं.

अंदाजानं पैसे घालू नकोस. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबलीस की टास्क मॅनेजर उघडतो. रोजचं सगळं काम उघडं ठेव, म्हणजे टॅली, ब्राउझरमध्ये जीएसटीचं पान, व्हॉट्सअ‍ॅप वेब, आणि मग परफॉर्मन्सच्या पानावर बघ. मेमरी नव्वदच्या पुढे आणि डिस्कही शंभरवर टेकलेली असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी निम्मीच वापरात असून डिस्क शंभरवर असेल तर रॅम घालून उपयोग नाही, फिरती डिस्क काढून एसएसडी घाल. दोन्ही मोकळं असूनही मशीन रखडत असेल तर पंखा, व्हायरस किंवा सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम तपास. त्याच पानावर रॅमच्या किती खाचा भरल्यात आणि किती रिकाम्या आहेत तेही लिहिलेलं असतं. दुकानात जायच्या आधी त्याचा मोबाइलवर फोटो काढ.

कागदावरचं किमान, कामाचं किमान

१९९५च्या विंडोजला ४ एमबी रॅम चालायची. २००१च्या एक्सपीनं ६४ एमबी मागितली, व्हिस्टानं ५१२, ७नं १ जीबी. मग गंमत अशी, की ७, ८ आणि १० या तिघांची कागदावरची मागणी तीच राहिली: ३२-बिटला १ जीबी, ६४-बिटला २ जीबी. बारा वर्षं मागणी वाढली नाही, म्हणून आपल्याकडे लोकांना वाटायला लागलं की एकदा घेतलेलं मशीन जन्मभर पुरतं. ११ आलं आणि मागणी एकदम ४ जीबीवर गेली. एक्सपीच्या किमानापासून ११च्या किमानापर्यंत वीस वर्षांत ६४ पट वाढ.

आणि हे किमान म्हणजे मशीन सुरू होण्यापुरतं. ४ जीबीवर ११ उघडेल, पण टॅलीबरोबर ब्राउझरची चार पानं उघडलीस की बसेल. हिशेबाच्या कामाला ८ जीबी धर, पत्रिका-फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्याला १६.

रॅम घेण्याआधी विंडोज किती बिटचं आहे तेही बघ. ३२-बिटच्या विंडोजला मेमरीतल्या ४,२९,४९,६७,२९६ घरांचेच पत्ते लिहिता येतात, म्हणजे ४ जीबी. त्यातले काही पत्ते ग्राफिक्स आणि बाकीच्या सुट्या भागांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून हातात तीन-साडेतीन जीबीच पडतात. अशा मशीनमध्ये ८ जीबी घातलीस तरी वरची रॅम नुसती बसून राहील. सेटिंग्जमध्ये अबाउट उघड, सिस्टिम टाइपपुढं लिहिलेलं असतं. तिथं ३२ दिसलं तर आधी ६४-बिट विंडोज, मग रॅम. ११ला तर ३२-बिट आवृत्तीच नाही.

मदरबोर्डचीही मर्यादा असते. आपल्या भागात दिसणारे एच६१ चिपसेटचे बोर्ड दोन खाचांचे, १६ जीबीच्या पुढे जात नाहीत, आणि त्यांना डीडीआर३ लागते. डीडीआर३ आणि डीडीआर४च्या पट्टीवरचा काप वेगळ्या जागी असतो, जोर लावून पट्टी बसत नाही, बसवूही नये. लॅपटॉपची रॅम अर्ध्या लांबीची असते. जुनी पट्टी काढून खिशात घाल आणि तीच दुकानदारापुढं ठेव, बोलण्यात चूक होणार नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलल्यामुळं २०२५च्या शेवटाला रॅम महागली, त्यामुळं गरज नक्की कळल्याशिवाय घेऊ नकोस.

आधी पेटी उघडून बघ

घोटीत कॉम्प्युटरचे दोन वैरी आहेत, कोंडा आणि दमट हवा. गिरणीतल्या मशीनची बाजूची पत्री काढलीस की दिसेल: प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर बारीक कोंड्याचा पिवळट थर, आणि खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फटी इतक्या भरलेल्या की त्यातनं उजेड आरपार दिसत नाही. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. मालक म्हणतो, ‘विंडोज जड झालं’. विंडोज तेच असतं, त्याला फक्त वारा लागत नसतो. सोंगणीच्या आधी एकदा आणि होळीनंतर एकदा ब्लोअर मारायचा. पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर वाऱ्यानं तो भलत्या वेगानं फिरून त्याचं बेअरिंग जातं.

दुसरं पावसाळ्याचं. आवणीच्या दिवसांत गिरणी बंद, मशीन महिनाभर झाकलेलं. श्रावणात उघडायला जावं तर पंखा फिरतो, पडदा काळा आणि पेटीतून बीप-बीप. लगेच नवं मशीन घ्यायला पळू नकोस. प्लग काढ, चालू करायचं बटण दोनदा दाबून उरलेली वीज उतरव, रॅमच्या दोन्ही बाजूंच्या कड्या खाली दाबून पट्टी वर काढ. खालच्या काठावरचे सोनेरी दात काळपट दिसतील. शाळेतलं साधं पांढरं खोडरबर घेऊन ते एकाच दिशेनं हलक्या हातानं पूस, दोन्ही बाजूंनी. भुगा फुंकू नकोस, तोंडातली वाफ लागते. ब्रशनं झाड. मग पट्टी सरळ बसवून दोन्ही टोकं दाब, कड्या ‘टक टक’ करून स्वतः उभ्या राहिल्या पाहिजेत. आपल्या भागात पावसाळ्यात बंद पडलेल्या म्हणून आणलेल्या मशीनपैकी बरीचशी एवढ्यावर सुरू होतात. आणि पुढच्या पावसाळ्यात गिरणी बंद असली तरी मशीन आठवड्याला तासभर चालू ठेव, आतल्या उष्णतेनं दमटपणा निघून जातो.

सगळ्यात म्हाताऱ्या वस्तूला आधी विचार

अपग्रेड अडतं ते क्वचितच विंडोजपाशी. ते अडतं बाजूला लावलेल्या जुन्या वस्तूपाशी. म्हणून तारीख ठरवायच्या आधी मशीनच्या मागं जा आणि कुठकुठल्या वायरी लागल्यात ते लिहून काढ.

वजनकाटा नऊ पिनांच्या सिरियल पोर्टवर असतो. नव्या मशीनला तो पोर्ट नसतो, यूएसबीची जोडणी घ्यावी लागते आणि काट्याच्या प्रोग्रॅममध्ये पोर्टचा नंबर परत सांगावा लागतो. काटेवाल्याला आधी फोन कर, नंतर नव्हे. तीनपानी बिलं काढणारा डॉट मॅट्रिक्स अजून दहा वर्षं चालेल, पण त्याचा पॅरलल पोर्टही नव्या मशीनला नाही. बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांत अजून डॉसवरचे फॉक्सप्रोचे हिशेब चालतात. ते प्रोग्रॅम १६-बिटचे, ६४-बिट विंडोज त्यांना दारातही उभं करत नाही. त्यांच्यासाठी डॉसबॉक्ससारखा प्रोग्रॅम लागतो, किंवा ते खातं कायमचं टॅलीत आणावं लागतं. डिजिटल सहीचं टोकन, सेतूमधलं अंगठ्याचं यंत्र यांचे ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी निघालेत का ते ज्या कंपनीचं यंत्र आहे तिच्याकडून आधी उतरवून पेनड्राइव्हवर ठेव.

आणि मराठी. जुनी पत्रं, भाडेकरार, पंचायतीचे अर्ज श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले असतील तर नव्या मशीनवर ती कसलीतरी इंग्रजी अक्षरं होऊन दिसतात. मजकूर शाबूत असतो, फक्त फॉन्ट नसतो. जुन्या मशीनच्या सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट आधी उचलून ठेव, महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ काढ, आणि नवं टायपिंग इथून पुढं युनिकोडमध्येच कर.

आता ११ला प्रोसेसरचंही सोवळं आहे. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पिढी ओळखायची युक्ती सोपी: आय५-३४७० म्हणजे तिसरी, आय३-७१०० सातवी, आय३-८१०० आठवी. आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा वाचायचा, तो १ असेल तर पहिले दोन. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, ती किल्ल्या सांभाळते. बऱ्याच मशीनमध्ये ती असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. ‘तुमचं मशीन चालणार नाही’ असा निरोप आला तर फेकायच्या आधी ते तपासून घे. पिढी बसत नसेल तर मात्र खटपटी करून ११ घालू नकोस. घातलंस तरी पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची खात्री कंपनी देत नाही. नुसतं इंटरनेट आणि पत्रं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकचं बॉस घालून ते मशीन पोरांना दे. टॅली आणि टोकनाचं मशीन विंडोजवरच ठेव.

छोट्या दुरुस्त्या मात्र थांबवू नकोस

मी म्हटलं अपग्रेड थांबव, म्हणून काही शहाणे अपडेट कायमचंच बंद करून टाकतात. तेही चूक. २०१७च्या मार्चमध्ये विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती निघाली होती. ज्यांनी ती घातली नाही त्यांना मेमध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं गाठलं. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा आला. आपल्या नाशिक जिल्ह्याची द्राक्षं आणि कांदा ज्या बंदरातून बाहेर जातात त्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल त्यानं ठप्प केलं. पण तो शिरला कसा, तर युक्रेनमधल्या एका करविषयक हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून मग त्याच जुन्या भोकावाटे पसरला. मागची आठवण तर ताजी आहे: १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर बसवली, आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहिले गेले. थोडक्यात, न घालणाराही बुडतो आणि सगळ्यांत आधी घालणाराही.

यातून वाट अशी काढ. मायक्रोसॉफ्टची मासिक दुरुस्ती दुसऱ्या मंगळवारी सुटते, म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. नेमकी तेव्हाच महिन्याला विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ची ११ तारीख असते आणि ३बीची २०. सेटिंग्जमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ते थांबव, २० तारीख जाऊ दे, आणि त्यानंतरच्या पहिल्या बंदच्या दिवशी दुरुस्ती घाल. तोवर त्यात खोट असेल तर ती बाहेर आलेली असते आणि तुझंही विवरण गेलेलं असतं. हे हंगामातही करायचं. अ‍ॅक्टिव्ह अवर्समध्ये गिरणीची वेळ टाकून ठेव, १८ तासांपर्यंत टाकता येते, म्हणजे भर दुपारी मशीन स्वतःहून बंद-चालू होणार नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम असेल तर ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेव, नाहीतर दिवसाचा डेटा दहा वाजताच संपेल.

त्या दिवशी

मेमधला तो दिवस उजाडला की क्रम असा. टॅलीचा बॅकअप दोन ठिकाणी घ्यायचा, एक पेनड्राइव्हवर आणि एक घरच्या मशीनवर. घरच्या मशीनवर तो उघडून कालचं शेवटचं बिल दिसतंय का ते बघायचं. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नये. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत उतरवायचे. यूपीएसची बॅटरी तपासायची, मशीन यूपीएसवर नसेल तर अपग्रेडच करायचं नाही. सी ड्राइव्हवर मोकळी जागा करायची, ११ला एकूण ६४ जीबीची डिस्क लागते. प्रिंटर आणि पेनड्राइव्ह काढून ठेवायचे. सकाळी सुरू करायचं, संध्याकाळी नव्हे, म्हणजे अडलं तर नाशिकचं दुकान तरी उघडं सापडेल.

झाल्यावर खूश होऊन ‘डिस्क क्लीनअप’ चालवू नकोस. जुनं विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतं आणि दहा दिवसांपर्यंत मागं फिरता येतं. त्या दहा दिवसांत एक बिल छाप, एक गाडी काट्यावर घे, टोकननं एक सही कर, एक जुनं मराठी पत्र उघड. चारही जमलं तर पुढं जा, एक जरी अडलं तर मागं फिर आणि कारण शोध.

आणखी एक. ‘पाचशेत विंडोज टाकून देतो’ म्हणणाऱ्याला गिरणीच्या मशीनला हात लावू देऊ नकोस. तो जो अ‍ॅक्टिव्हेटर चालवतो तो आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो, मग काय आत येतं ते त्यालाही माहीत नसतं. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड आहे तिथं हे चालणार नाही. सेकंडहँड मशीन घेतानाही तेच भान ठेव. मुंबई-पुण्याच्या ऑफिसांनी विंडोज १०ची मशीन काढून टाकली आणि सहाव्या-सातव्या पिढीची ती बाजारात स्वस्त मिळतात. स्वस्त का, ते आता तुला कळलं असेल. आठवी पिढी किंवा पुढची असेल तरच घे.

कुणाला कधी सांगायचं

तुझ्याकडे नुसती गिरणी नाही, बाजारपेठेतले लोकही विचारायला येणार. त्यांच्यासाठी हे पाठ करून ठेव. पतसंस्था: मार्च संपून खाती लागली की मे महिना. शाळा: निकाल लागल्यापासून जूनआधी. सेतू केंद्र: निकालानंतर दाखल्यांची रांग लागते, म्हणून त्यांनी फेब्रुवारीतच उरकावं. पत्रिका छापणारा: तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत त्याला सवड नाही, त्यानं जुलैत करावं आणि त्याला चांगला यूपीएस घ्यायला लाव. भंडारदऱ्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांची गर्दी पावसाळ्यात, त्यांना उन्हाळा बरा. प्रत्येकाचा हंगाम वेगळा, म्हणून सगळ्यांना एकच तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नवं मशीन आणलंस तरी जुनं लगेच भंगारात देऊ नकोस. एक अख्खा हंगाम ते शेजारी जोडलेलं ठेव, इंटरनेटशिवाय. होळीनंतर त्याची डिस्क काढून घे, त्यावर वर्ष लिहून कपाटात ठेव, आणि मग पेटी विक.